बर्मबॉल, कार्पोन्ड्रो आणि आपला आर

कुडाळकडच्या एका मुलाचा प्रश्न आलाय. मुंबईत त्याच्या रूममेटला कुणीतरी 'बर्मबॉल' नावाच्या संकर अजगराचं पिल्लू देऊ करतंय. मुलाला तीन गोष्टी विचारायच्यात. दोन वेगळ्या जातींच्या अजगरांचा संकर खरंच होतो का? होत असेल तर ती पिल्लं खेचरासारखी वांझ निघतात का? आणि गावी मांगरापाशी (शेतातल्या खोपटापाशी) दिसतो त्या आपल्या अजगराशी असा संकर करता येईल का? सोबत एका सापाचा फोटो: "हे पण हायब्रीड वाटतंय, आजी म्हणते नाग-धामणीचं आहे."

वय बावीस लिहिलंयस, म्हणून अरे-तुरे करतो. फोटोकडे शेवटी येऊ.

मी नऊ वर्षं आखातात एका खासगी प्राणिसंग्रहात सापांच्या विभागात नोकरी केली. परत आल्यापासून सिंधुदुर्गात वनखात्याच्या माणसांबरोबर विहिरीतले, खुराड्यातले, जाळ्यात अडकलेले साप सोडवतो. तिकडे संकर अजगर माझ्या हातावर जन्माला आले. इकडे फक्त आपला, ज्याला आमच्याकडची जुनी माणसं 'आर' म्हणतात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येईल एवढं पाहिलंय.

संकर होतो, आणि लोकांना वाटतं त्याहून सहज होतो. तुझ्या रूममेटचा बर्मबॉल म्हणजे बर्मीज अजगर आणि आफ्रिकेतला बुटका बॉल पायथन यांची संतती. ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा कार्पेट पायथन आणि झाडावर वेटोळं घालून बसणारा हिरवा पायथन यांच्या पिल्लाला कार्पोन्ड्रो म्हणतात. बर्मीज आणि जाळीदार नक्षीचा रेटिक्युलेटेड यांच्या पिल्लाला बॅटईटर. कार्पेट आणि बॉल यांच्या पिल्लाला कार्पॉल. नावं ठेवणारे सगळे विकणारेच, त्यामुळे नावातच जाहिरात असते. बॅटईटरचं आश्चर्य असं की त्याच्या आई-बापांना आता शास्त्रज्ञ वेगवेगळ्या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांत, टाकतात. रेटिक्युलेटेडला २०१४ पासून 'मलायोपायथन' असं स्वतंत्र जीनसनाव आहे. वाटा काही कोटी वर्षांपूर्वी फुटलेल्या, तरी अंडी फळतात. एक कारण असं की बहुतेक अजगरांच्या पेशीत गुणसूत्रं सारखीच, ३६ असतात. घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२, म्हणून खेचराच्या बीजपेशी बनताना जोड्या जुळत नाहीत. अजगरांत हा हिशोब निदान आकड्यांत तरी चुकत नाही. म्हणून जवळच्या जातींची संकर पिल्लं पुढे प्रजा देतात. लांबच्या जातींत वांझपण येतं, पण ते गृहीत धरू नकोस.

अडचण असते ती नराला पटवण्याची. अजगराचा नर मादीला वासाने ओळखतो. तिच्या कातडीवरचा गंध जिभेने टिपून टाळूतल्या इंद्रियापाशी नेतो आणि मग ठरवतो. वास परका असेल तर तो कोपऱ्यात जाऊन निजतो. आखातातल्या आमच्या संग्रहातले दोन युरोपीय जाणकार यावर एक युक्ती वापरायचे. नराच्याच जातीच्या दुसऱ्या मादीने टाकलेली ताजी कात घ्यायची, किंचित ओली करायची आणि परक्या मादीच्या पाठीवर, बाजूंवर चोळायची. मग नर सोडायचा. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. नराने जीभ तीन-चारदा काढली, थांबला, आणि गुदद्वाराशी असलेले नखासारखे दोन काटे, म्हणजे कधीकाळच्या मागच्या पायांचा उरलेला अंश, तिच्या अंगावर घासू लागला. युक्ती साधली म्हणून सगळे खूश. मला मात्र ते फसवणूक बघितल्यासारखं वाटलं होतं. आजही तो भाग मला फारसा रुचत नाही, पण तो माझा स्वभाव, शास्त्र नव्हे.

पुढचं बाजारात कुणी सांगत नाही. अशा जुगणीतून कितीतरी अंडी पोकळ निघतात, पिवळी, मेणासारखी. काही अर्ध्यात मरतात. काही पिल्लं पूर्ण वाढतात आणि तरी कवच फोडत नाहीत. जी निघतात ती बरेचदा उत्तम असतात, हेही खरं. आमच्याकडची कार्पोन्ड्रो पिल्लं खायला कधी अडली नाहीत, आणि हिरव्या पायथनची शुद्ध पिल्लं पहिला घास घ्यायला किती रडवतात ते पाळणाऱ्यालाच विचार.

कोकणातल्या माणसाला संकर म्हणजे काय हे मला आंब्यावरून सांगता येतं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला, १९८१ साली. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली 'सिंधु', ज्याचा बाठा अगदी पातळ. हापूसला पिडणारा साका, म्हणजे गरातला पांढरट बिघाड, या दोघांत होत नाही. आता रत्नाची कलमं बांधलीस तर प्रत्येक झाड रत्नाच. पण रत्नाचा बाठा रुजत घातलास तर जे येईल ते रायवळ, एक नीलमकडे झुकलेलं, एक हापूसकडे, एक कशातच नाही असं. अजगराचं कलम बांधता येत नाही. पहिल्या पिढीची सगळी पिल्लं साधारण आई-बापांच्या मधली दिसतात. त्यांची आपसांत पैदास केली की दुसऱ्या पिढीत पत्ते पिसले जातात, आणि एकाच अंड्यांच्या ढिगातून एक पिल्लू हुबेहूब आजोबांसारखं निघू शकतं. वाद खरा इथे सुरू होतो.

त्याआधी एक इशारा. तुझ्या रूममेटला दाखवलेलं पिल्लू संकर असेलच असं नाही. अजगराची मादी नराचं वीर्य महिनोन् महिने साठवून ठेवते. आधी स्वजातीच्या नराशी जुळलेली असेल तर त्याचीच पिल्लं नंतर देते. त्याहून विचित्र म्हणजे क्वचित ती नराशिवायही पिल्लं देते. बर्मीज, रेटिक्युलेटेड आणि बॉल या तिन्हींत हे नोंदलं गेलंय. म्हणजे बॉल मादीच्या टबात बर्मीज नर महिनाभर होता, अंडी आली, पिल्लं तंतोतंत आईसारखी, तर तो संकर नव्हे, बहुधा या दोहोंपैकी काहीतरी आहे. आणि नुसता रंग वेगळा असेल तर तो 'मॉर्फ', एकाच जातीतला रंगभेद. पांढरा बॉल पायथन संकर नसतो, जसा पांढरा कावळा बगळ्याचा नातू नसतो.

आता वाद. सापाच्या दुनियेत दोन तट आहेत आणि दोघांचेही आवाज मोठे. एक म्हणतो हे निसर्गाविरुद्ध आहे. हा मुद्दा मला पोकळ वाटतो. रानात शेजारी राहणाऱ्या सापांच्या जातींतही अधूनमधून संकर होतात. आणि निसर्गाविरुद्धच म्हणायचं तर टबात ठेवलेला साप आधीच निसर्गाविरुद्ध आहे. दुसरा तट म्हणतो संकराने प्राणी कणखर होतो. अर्धं खरं. पहिल्या पिढीत जोम दिसतो, पण तो पुढे टिकेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. शुद्धतेचा झेंडा धरणारेही सोवळे नाहीत. बॉल पायथनचा 'स्पायडर' नावाचा मॉर्फ बघ. शंभर टक्के शुद्ध जात, एका जनुकामुळे अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, आणि त्याच जनुकामुळे आतल्या कानात दोष. पिल्लू मान वाकडी करून डुलतं, उंदराकडे झेप घेतं आणि वीतभर बाजूला चावतं. मी असे सांभाळलेत. त्यांच्याकडे बघताना कार्पोन्ड्रो कितीतरी सुदैवी वाटतो. तेव्हा संकर म्हणजे क्रौर्य आणि शुद्ध म्हणजे पुण्य असं गणित मांडणाऱ्याकडे मी फार लक्ष देत नाही.

माझं भांडण खोट्या चिठ्ठीशी आहे, आणि ती चिठ्ठी मी स्वतः लिहिलेली आहे.

आमच्या संग्रहात एक मादी होती, भारतीय अजगराच्या वंशातली, युरोपात पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या साखळीतून आलेली. तिला बर्मीज नराशी जुळवलं होतं. ही दोघं फार जवळची. २००९ पर्यंत बर्मीजला भारतीय अजगराचीच उपजात मानत असत. एकोणीस पिल्लं निघाली, सगळी धडधाकट. प्रत्येक टबावर नोंदीचं कार्ड. त्या उन्हाळ्यात विभाग नव्या इमारतीत हलवला, एसीचं पाणी गळून कार्डांची शाई पसरली आणि सहा पिल्लं शुद्ध बर्मीजच्या मांडणीत जाऊन बसली. मी भिंग घेऊन बसलो. भारतीय अजगराच्या वरच्या ओठाचे सहावे-सातवे खवले थेट डोळ्याला टेकतात. बर्मीजमध्ये डोळा आणि ओठ यांच्यामध्ये बारीक खवल्यांची एक ओळ असते. डोक्यावरचा बाणही बघायचा: बर्मीजचा ठळक, नाकापर्यंत, आपल्याचा पुढे पुसट होत जाणारा. दोन पिल्लांत ती खवल्यांची ओळ एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला तुटकी होती, त्यांना वेगळं काढलं. उरलेली चार कोणती ते मला ठरवता आलं नाही. वरिष्ठ म्हणाले, लिही बर्मीज. मी लिहिलं. तीन आठवड्यांत ती एका व्यापाऱ्याकडे गेली.

त्या चार सापांची आता पिल्लं, नातवंडं असतील. ज्याच्याकडे आहेत त्याला वाटत असेल शुद्ध बर्मीज. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून वाशीला विकतात तेव्हा आपण गळा काढतो, २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याचसाठी. पण आंबा खाऊन संपतो. साप वीस-पंचवीस वर्षं जगतो आणि दर खेपेला डझनांनी अंडी घालतो.

अशा चिठ्ठ्यांचं पुढे काय होतं याचं मोठं उदाहरण फ्लोरिडात आहे. तिथल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत पाळीव बर्मीज अजगर सुटले, सोडले गेले आणि माजले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासकांनी तिथल्या सुमारे ४०० अजगरांचे नमुने तपासले, तेव्हा १३ जणांत भारतीय अजगराच्या मातृवंशाची खूण मिळाली. दिसायला सगळे बर्मीज. म्हणजे मागे कुठेतरी एक पणजी आपली होती, आणि तो संकर बहुधा रानात जाण्याआधी कुणाच्या तरी पिंजऱ्यात झाला असावा. बर्मीज पाण्याजवळचा, आपला तुलनेने कोरड्या, उंच जागी रमणारा. दोघांचे गुण एकत्र आले तर ते आणखी पसरतील ही तिथली चिंता. २०१२ साली अमेरिकेने बर्मीजची आयात आणि राज्याराज्यांतली ने-आण रोखली, तोवर उशीर झाला होता.

आपल्याकडेही हा धडा एकदा गिरवून झालाय, सापांत नाही, सिंहांत. चंदीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात आशियाई सिंहांबरोबर सर्कशीतले आफ्रिकी रक्ताचे सिंह जुगले. संकर प्रजा वाढत गेली, पुढे दुबळी, आजारी पडू लागली. शेवटी नरांची नसबंदी करून ती पैदास थांबवावी लागली. गीरच्या सिंहांसाठी त्यातला एकही कामाचा उरला नाही. दोष सिंहांचा नव्हता.

म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ 'नको' असं आहे. बॉल पायथनशी जमेल का, बर्मीजशी जमेल का, यात शिरूच नकोस. बर्मीजशी तर नक्कीच जमेल, भीती तीच आहे. जर्मनीत कुणी कार्पोन्ड्रो पाळला आणि तो निसटला तर पहिल्या थंडीत मरेल. कुडाळात बर्मीज किंवा अर्धा-बर्मीज निसटला तर त्याला इथे उकाडा, व्हाळ (ओढे), घुशी, कोंबड्या आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत वासावर येणाऱ्या आपल्या माद्या, सगळं तयार आहे.

आपला आर काय चीज आहे ते एकदा जवळून बघ, मग असला विचार मनात येणार नाही. चार वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस एका चिरेखाणीतून फोन आला. जेसीबीने कडा ओढला आणि आत साळिंदराच्या जुन्या बिळात मादी अंड्यांवर वेटोळं घालून. कामगार म्हणाला, "भाऊ, आर बसली हा, हलना नाय." ती खरंच हलत नव्हती, पण थरथरत होती. सेकंद-दोन सेकंदांनी सगळ्या अंगातून एक झटका. भारतीय आणि बर्मीज माद्या हे करतात, स्नायू आकसून स्वतःला तापवतात आणि अंडी आजूबाजूच्या हवेपेक्षा उबदार ठेवतात. हात लावला तर साप गार लागतो ही आपली सवय, ही मात्र कोमट लागली. बॉल पायथनची मादी नुसती मिठी मारून बसते, हे थरथरणं तिच्यात दिसत नाही. दोन्हींच्या संकर मादीला काय जमेल, अर्धं थरथरणं? हसू नकोस, असल्या गोष्टी जाहिरातीत नसतात.

खाणमालक भला माणूस, वनक्षेत्रपालांनी सांगितल्यावर त्याने तो कोपरा सोडून दिला. पण कडा कोसळणार हे दिसत होतं, म्हणून अंडी हलवावी लागली. एकतीस अंडी, एकमेकांना चिकटून एकच गोळा झालेली. अशी अंडी फिरवायची नाहीत, आतला गर्भ वरच्या बाजूला धरून बसलेला असतो, उलटलं की गुदमरतो. मी प्रत्येकाच्या माथ्यावर मऊ पेन्सिलने फुली मारली आणि गोळा आहे तसा भाताच्या तुसाच्या खोक्यात उचलला. वनखात्याच्या परवानगीने एकतीस-बत्तीस अंशांवर उबवली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, धो धो पावसात, पहिली फट दिसली. पिल्लू दाताने कवच चिरतं, नाकाचं टोक बाहेर काढतं आणि दीड दिवस तसंच बसून राहतं, आतला बलक संपेपर्यंत. घाईने ओढून काढायचं नसतं. सव्वीस निघाली. दोन रात्रींत वेगवेगळ्या व्हाळांकाठी सोडली. त्यातल्या ज्या मोठ्या होऊन अंडी घालतील त्या माद्यांना भेटणारा नर कुणाच्या फ्लॅटमधून निसटलेला नसावा, एवढीच माझी मागणी आहे.

कायदा थोडक्यात. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं, पाळणं, विकणं यांना तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. परदेशी अजगरांची सगळ्यांचीच नावं आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात आहेत, त्यामुळे २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर त्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. संकर आहे म्हणून सुटका नाही. साइट्सच्या लेखी मागच्या चार पिढ्यांत यादीतली जात असेल तर तो प्राणी त्या जातीसारखाच धरला जातो, आणि भारतीय अजगर तिथेही पहिल्या परिशिष्टात आहे. रूममेटला सांग, विकणाऱ्याकडे पिल्लाच्या आई-बापांची नोंद माग. नोंद नसेल, आणि माझा अंदाज नसेलच, तर पैसे देऊ नकोस.

आता फोटो. नाग आणि धामण यांचं लग्न लागतं ही समजूत तुझ्या आजीची एकटीची नाही, सगळ्या महाराष्ट्राची आहे. धामणीचे दोन नर ताकद आजमावताना अंगाला पीळ घालून उभे राहतात, लोक त्याला जुगणं समजून पांढरं फडकं टाकायला धावतात, आणि त्यातला एक पिवळसर, एक काळपट असला की गोष्ट तयार होते. नाग आणि धामण वेगळ्या कुटुंबांतले, त्यांची पिल्लं होत नाहीत. दोन सापांच्या मधलं रूप दिसलं म्हणून संकर म्हणायची घाई करू नये याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. मांडूळ आणि डुरक्या घोणस यांचं मिश्रण वाटावं असा एक साप पश्चिम किनाऱ्यावर मिळतो. १९९१ साली तो स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला आणि त्याला सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांचं नाव मिळालं.

तुझ्या फोटोतला मात्र तोही नाही. जाडजूड आखूड अंग, पाठीवर एकमेकांत मिसळलेले वेडेवाकडे तपकिरी डाग, एकदम निमुळती होणारी बोटभर शेपटी. फोटो मोठा करून शेपटीचे खवले बघ, प्रत्येकावर उभी धार आहे, हाताला कानशीसारखी लागते. ही डुरक्या घोणस. बिनविषारी, पण खऱ्या घोणशीसारखी दिसते म्हणून मारली जाते, आणि अजगराचं पिल्लू म्हणून विकलीही जाते. खऱ्या घोणशीच्या पाठीवर साखळीसारखे सुटे अंडाकृती डाग असतात आणि ती कुकरसारखी फुत्कारते, त्यामुळे पुढच्या वेळी खात्री नसेल तर हात घालू नकोस, वनखात्याच्या १९२६ वर फोन लाव. आजीने ती टोपलीखाली झाकून ठेवलीय असं लिहिलंयस. दगड बाजूला करून टोपली संध्याकाळी उचलायला सांग, मांगराच्या मागच्या मऊ मातीत ती आपली आपण जाईल.